प्रश्न जसा लिहिला आहे तसा

“तुम्हाला धरून या घरात सध्या किती माणसं राहतात?” वर्नाने वाचलं.

फोनवर पलीकडून डेल्बर्ट स्केग्ज म्हणाला, “दोन.” आणि मग, “नाही बाई. एक लिहा.”

“बरं. धन्यवाद,” वर्ना म्हणाली आणि तिने एक लिहिलं.

मी माझ्या काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलो होतो. माझं कामच ते. पगार घेऊन दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकणारी माणसं सरकारकडे पुष्कळ असतात म्हणे, आमच्या विद्यापीठात मी एकटाच होतो. ओहायोतल्या या विद्यापीठात राज्यशास्त्राचा विभाग वर होता आणि आमचं सर्वेक्षण केंद्र त्याच इमारतीच्या तळघरात. वर प्राध्यापक मंडळी अमेरिकन माणसाला काय वाटतं यावर विचार करायची, आणि खाली आम्ही अमेरिकन माणसाला फोन करून ते विचारायचो. दोन्ही मजल्यांना जोडणारी एक लिफ्ट होती. ती बहुतेक बंद असे.

आमचा सगळ्यात जुना अभ्यास प्रोफेसर प्रेंटिस यांचा. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी बाराशे माणसं निवडली. दर दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, त्याच माणसांना तेच एकशे बारा प्रश्न विचारायचे. सरकारवर भरवसा किती, शेजाऱ्यावर किती, करांबद्दल काय वाटतं, बंदुकांबद्दल काय वाटतं. माणसं म्हातारी होतात, प्रश्न तसेच राहतात, त्यामुळे फरक नेमका कुणात पडला ते कळतं, अशी त्यामागची कल्पना. ही तेरावी फेरी, आणि शेवटची. वॉशिंग्टनहून येणारा निधी बंद झाला होता. लोकांचा वॉशिंग्टनवर किती विश्वास आहे हे जाणून घ्यायची वॉशिंग्टनला आता गरज वाटत नव्हती.

आमच्या धंद्यात नियम एकच. प्रश्न जसा लिहिला आहे तसा वाचायचा. शब्द वगळायचा नाही, घालायचा नाही, आवाजात होकार नको, नकार नको, कीव तर नकोच. प्रेंटिससाहेब म्हणायचे, विचारणाऱ्याचा वास उत्तराला लागता कामा नये. त्यासाठी फोन करणाऱ्या प्रत्येकीच्या टेबलावर एक कार्ड चिकटवलेलं असे. समोरचा माणूस काहीही बोलो, आपण त्या कार्डावरच्या चार वाक्यांपैकी एक म्हणायचं. ‘प्रश्न पुन्हा वाचते.’ ‘तुम्हाला त्याचा जो अर्थ वाटतो तो.’ ‘आणखी काही सांगाल?’ आणि ‘बरं. धन्यवाद.’ पाचवं वाक्य निघालं की मी माझ्या कागदावर चूक मांडायची. एका मुलाखतीत मोठी चूक झाली, म्हणजे विचारणारीने स्वतःचं मत सांगितलं, तर ती मुलाखत रद्द.

वर्ना होस्टेटलर त्या तळघरात तीस वर्षं होती. तिच्या नावापुढचा माझा चुकांचा रकाना इतका कोरा असे, की एकदा वरून विचारणा झाली, ग्लेन, तू हिचं ऐकतोस की झोपतोस?

अडचण इतकीच झाली की कार्ड तिच्याबरोबर घरी गेलं. चर्चच्या जेवणाला मिसेस योडरने स्वतः केलेल्या शेवया आणल्या आणि विचारलं, “वर्ना, कशा झाल्यात?” वर्ना म्हणाली, “तुम्हाला स्वतःला कशा वाटल्या?” मिसेस योडर पुढची दोन वर्षं तिच्याशी बोलल्या नाहीत. वर्नाचा नवरा जीन शाळेची बस चालवायचा. तो सगळ्यांना सांगे, “आमच्या घरात लग्न झाल्यापासून एकच मत आहे, आणि ते माझं आहे. लोकांना वाटतं मी नशीबवान. अरे, भांडायचं म्हटलं तरी मलाच दोन्ही बाजूंनी भांडावं लागतं.”

जीन त्या वर्षी एप्रिलमध्ये गेला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, सहा आठवड्यांत सगळं. त्यानंतर महिन्याभराने वर्ना आमच्या चहापाण्याच्या खोलीत उकडलेलं अंडं सोलत बसली होती. मी कॉफी घेत होतो.

“ग्लेन,” ती म्हणाली, “शेवटच्या आठवड्यात त्यानं मला विचारलं. दुपारची वेळ. चांगला शुद्धीवर होता. म्हणाला, वर्ना, माझ्याबरोबर बरं गेलं का गं तुझं?”

“मग?”

“मी म्हणाले, बरं म्हणजे तुला जे वाटतं ते.”

मी कप खाली ठेवला.

“तोंडातून निघून गेलं. तीस वर्षं तेच म्हणतेय. तो हसला. कार्ड त्यालाही पाठ होतं. म्हणाला, बरं, धन्यवाद. दुसऱ्या दिवशी बोलणं बंद झालं.” अंडं सोलून झालं होतं, पण ती ते तसंच हातात धरून होती. “पुन्हा विचारायला हवं होतं त्यानं. लोक विचारतात पुन्हा. पुन्हा विचारलं असतं तर सांगितलं असतं मी.”

मीसुद्धा त्याच तळघरातला. मी म्हणालो, “आणखी काही सांगशील?” आणि मग माझी मलाच लाज वाटली.

तर हा डेल्बर्ट स्केग्ज. नदीकाठच्या बेल्टन फेरी गावचा, कागदाच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडला तेव्हापासून घरी. पहिल्या फेरीपासून तो वर्नाच्या वाट्याला आलेला. बाराशेतली निम्मी माणसं एव्हाना गळली होती. कुणी मेलं, कुणी गाव सोडलं, कुणी आम्हाला दोन शब्द ऐकवून फोन आपटला. डेल्बर्ट कधी चुकला नाही. फोन मात्र दर वेळी त्याची बायको नॉर्मा उचलायची आणि रिसीव्हरवर हात न ठेवताच ओरडायची, “डेल्बर्ट, ती सरकारवाली बाई आलीय.”

“आम्ही सरकार नाही, विद्यापीठ आहोत,” वर्ना म्हणायची. तेवढं बोलायला परवानगी होती.

“तेच ते,” नॉर्मा म्हणायची, आणि मग आतून टीव्ही बंद केल्याचा आवाज यायचा. बारा फेऱ्या हेच. वर्ना कधी हसली नाही, पण त्या दिवशी ती कंपासपेटी उघडून पेन्सिलीला टोक काढायची, जी तिला मुळी लागतच नसे, कारण आम्ही सगळं संगणकावर भरतो.

या वेळी फोन डेल्बर्टनेच उचलला होता.

“प्रश्न चौथा,” वर्नाने वाचलं. “सध्या तुम्ही विवाहित आहात, विधवा किंवा विधुर आहात, घटस्फोटित आहात, जोडीदारापासून वेगळे राहता, की तुम्ही कधीच लग्न केलेलं नाही?”

सगळे पर्याय वाचायचेच असतात. समोरचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं कधी धरायचं नाही.

“पुन्हा वाचा,” डेल्बर्ट म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. पाचही.

“दुसरं,” तो म्हणाला. “तो जो काय शब्द होता ना, तो.”

“बरं. धन्यवाद.”

पुढचे तीसेक प्रश्न सुरळीत गेले. वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्हाला किती वेळा वाटतो, जवळजवळ नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, की कधीच नाही?

“कधीच नाही. आणि हे पण लिहा, की वॉशिंग्टन कुठं आहे ते मला माहीत आहे. बेल्टन फेरी कुठं आहे ते त्यांना विचारा.”

“बरं. धन्यवाद,” म्हणत वर्नाने ते शब्दशः लिहिलं.

मग त्रेपन्नावा आला. आपल्या भागातील आरोग्यसेवेबाबत राज्याच्या धोरणावर आपण पूर्ण समाधानी आहात, काहीसे समाधानी, काहीसे असमाधानी, की पूर्ण असमाधानी?

“धोरण,” डेल्बर्ट म्हणाला. “आमचं हॉस्पिटल बंद झालं तीन वर्षं झाली. आता तिथं गालिचे विकतात. बरे असतात, मी बघून आलोय.”

“आणखी काही सांगाल?”

हे कार्डावरचं वाक्य होतं. आम्ही ते दिवसातून शंभर वेळा म्हणतो, आणि बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतात.

“सांगतो की. नॉर्माला सत्तर मैलांवर नेलं. पूर्ण तालुक्याला एक अँब्युलन्स, ती दीड तासानं आली. तिथं तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, डेल, मला घरी ने. डॉक्टर म्हणाला अजून दोन दिवस राहू दे, तपासण्या आहेत. मी विचार केला, घरी नेलं आणि काही झालं तर पुन्हा सत्तर मैल. राहू दे म्हणालो. आणि कुत्र्याला खायला घालायचं होतं म्हणून घरी यायला निघालो. पेट्रोल भरत होतो तेव्हा फोन आला.” त्याने श्वास घेतला. “बाई, चोवीस वर्षं तुम्ही विचारताय आणि मी सांगतोय. माझी बंदूक कुठल्या कपाटात आहे तेसुद्धा तुमच्या प्रोफेसरला माहीत आहे. मी कधी काही विचारलं नाही. आज एक विचारतो. मी तिला घरी आणायला हवं होतं का?”

काचेतून मला वर्नाची पाठ दिसत होती. तिने कार्डावर हात ठेवला. मी पेन्सिल धरली होती, रकाना समोर होता.

“तुम्हाला त्याचा…” ती म्हणाली आणि थांबली.

इतका वेळ फोनवर कुणी गप्प बसलं तर नियमाप्रमाणे मी मध्ये पडून लाइन तपासायची असते. मी पडलो नाही. माझी खुर्ची तेवढी करकरली.

“डेल्बर्ट,” वर्ना म्हणाली. चोवीस वर्षं तो मिस्टर स्केग्ज होता. “माझा नवरा एप्रिलमध्ये गेला. मी तिथंच होते. सहा दिवस त्याच्या उशाजवळच्या खुर्चीतून उठले नाही. आणि त्यानं एक गोष्ट विचारली, तिचं उत्तर मी दिलं नाही. तुम्ही जवळ नव्हतात आणि मी होते, पण माझ्या असण्याचा त्याला काय उपयोग झाला? तुम्ही तुमच्या समजुतीनं तिच्या भल्याचं तेच केलंत. तुम्ही चुकला नाहीत. हे मी वाचून दाखवत नाहीये.”

पलीकडे कुत्रा भुंकला. डेल्बर्टने त्याला गप्प केलं.

“काय विचारलं होतं त्यांनी?” डेल्बर्ट म्हणाला.

“बरं गेलं का म्हणून. माझं. त्याच्याबरोबर.”

“मग? गेलं का?”

“बरं गेलं,” वर्ना म्हणाली. “फार बरं गेलं.”

डेल्बर्टने नाक शिंकरलं. मग म्हणाला, “चला. पुढचा वाचा. माझी कॉफी गार होतेय.”

तिने पुढचा वाचला. उरलेले सगळे वाचले, जसे लिहिले आहेत तसे, पर्यायांसकट. अठ्ठ्याऐंशीवा प्रश्न असा होता: एकूणात बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो असं तुम्ही म्हणाल, की माणसांशी वागताना कितीही जपलं तरी कमीच, असं म्हणाल? बारा फेऱ्या डेल्बर्ट म्हणत आला होता, जपलेलं बरं. एकदा तर म्हणाला होता, “जपा, आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा.”

“ठेवता येतो, लिहा,” तो म्हणाला.

“प्रश्न पुन्हा वाचते.”

“नको. ऐकलाय मी.”

मुलाखत संपली. वर्ना उठून माझ्या खोलीत आली आणि दारातच उभी राहिली.

“मांड,” ती म्हणाली.

“काय मांडू?”

“ग्लेन, वेड पांघरू नकोस.”

“माझा हेडफोन मध्येच बंद पडला होता. त्रेपन्न ते छप्पन्न मला काही ऐकू आलं नाही. जुनं सामान, दुसरं काय.”

“तुझी खुर्ची वाजली.”

“खुर्ची जुनीच आहे.”

ती आत येऊन बसली. “हे बघ. त्याचं अठ्ठ्याऐंशीचं उत्तर बदललं.”

“चांगलंच आहे की. एका माणसाचा जगावर विश्वास बसला. प्रेंटिससाहेबांना चोवीस वर्षांत पहिला सापडेल.”

“ते त्याचं उत्तर नाही. माझं आहे. मी त्याच्या तोंडात घातलं. त्या माणसानं चोवीस वर्षं स्वतःचं, खरंखुरं सांगितलंय. टीव्ही बंद करून. त्याच्या नावावर माझं उत्तर कसं जाऊ द्यायचं?”

“वर्ना, शेवटची फेरी आहे. कुणी बघणार नाही. ही गेली तर त्याची फाइल अर्धवट राहील. आणि तुझा रकाना…”

“माझ्या रकान्याचं काय लोणचं घालायचंय?” ती म्हणाली. “पुन्हा विचारलं त्यानं, तरी मी तेच सांगीन. पण चूक ती चूक. मांड.”

मी मांडली. तीस वर्षांत पहिली. तारीख, वेळ, प्रश्न क्रमांक त्रेपन्न, विचारणारीने स्वतःचं मत सांगितलं, मुलाखत रद्द. तिने वाकून वाचलं, “‘स्वतःचं’चा विसर्ग राहिलाय,” म्हणाली, आणि मी तो दिल्यावर गेली.

शेवटची फेरी संपली तशी डिसेंबरमध्ये वर्नाही संपली, म्हणजे निवृत्त झाली. आम्ही केक आणला. प्रेंटिससाहेब जिन्याने खाली आले आणि त्यांनी एक छोटंसं भाषण केलं, त्यात तिचं नाव दोनदा बरोबर घेतलं.

वर्षभराने साहेबांचा लेख आला. सत्तेचाळीस पानं. बाराशेतली जी माणसं मेली नाहीत, हरवली नाहीत, पण शेवटच्या फेरीत ज्यांची उत्तरं नाहीत, अशा एकोणीस जणांबद्दल एक तळटीप होती. संस्थांवरचा वाढता अविश्वास आणि सार्वजनिक जीवनातून घेतलेली माघार, असं त्यांच्या नसण्याचं कारण असावं, असं त्यात म्हटलं होतं. त्या एकोणिसांत डेल्बर्ट होता. मी वर चिठ्ठी पाठवली, की यातल्या एकाने माघार घेतलेली नाही, चूक आमच्या बाजूची आहे. साहेबांचं उत्तर त्याच दिवशी आलं, फार सभ्य. आभार, पण एका माणसाने निष्कर्षात फरक पडत नाही. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते खरंच आहे. मी स्वतः गणित करून पाहिलं.

वर्ना त्यानंतरच्या फेब्रुवारीत गेली. दारातला बर्फ फावड्याने ओढत होती, हृदय थांबलं. चर्चमध्ये जेवण होतं. मिसेस योडरच्या शेवया होत्या. त्या खारट झाल्या होत्या, आणि कुणी विचारलं नसताना मी तसं सांगितलं. मिसेस योडर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “तिनंही तेव्हाच सांगायला हवं होतं,” आणि रडायला लागल्या.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरची गोष्ट. माझाही शेवटचा महिना. केंद्रात आता फोन जवळजवळ नव्हतेच, एक उद्यान खात्याचं काम होतं, झोपाळे किती हवेत वगैरे. सकाळी अकराच्या सुमारास बाहेरून येणारी लाइन वाजली. ती कधी वाजत नसे.

“विद्यापीठ का?” पलीकडून आवाज आला. “मी स्केग्ज. बेल्टन फेरी. तुमचं ते फ्रिजला लावायचं चुंबक आहे माझ्याकडे, त्यावर नंबर होता. ऑक्टोबर आला. दोन वर्षं झाली. तुमचा फोन आला नाही.”

मी सांगितलं की तो अभ्यास बंद झाला.

“बंद म्हणजे? सगळं कळलं का त्यांना?”

“नाही,” मी म्हणालो. “पैसे संपले.”

“हं.” तो म्हणाला. “आणि त्या बाई? त्या आहेत का तिथं?”

विचारणाऱ्यांची माहिती बाहेरच्यांना द्यायची नाही, असा नियम होता. मी तिच्या टेबलाकडे पाहिलं. कार्ड कुणीतरी खरवडून काढलं होतं, गोंदाचा चौकोन तेवढा राहिला होता.

“वर्ना गेली,” मी म्हणालो. “फेब्रुवारीत.”

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मी लाइन तपासली नाही.

“वर्ना,” डेल्बर्ट म्हणाला. “दर वेळी सुरुवातीला सांगायच्या त्या नाव. माझ्या कधी लक्षात राहिलं नाही.” मग म्हणाला, “तुम्ही कोण?”

“मी ग्लेन. मी इथं ऐकायचं काम करतो.”

“आमचं ऐकायचात?”

“हो. सगळं.”

“मग तुम्ही वाचा. टीव्ही बंद केलाय मी.”

अभ्यास नव्हता, निधी नव्हता, नीतिसमितीची परवानगी नव्हती, आणि मी जन्मात कुणाला एक प्रश्न विचारलेला नव्हता. वर्नाच्या खणात छापील प्रश्नावलीची एक प्रत राहिली होती, वीज गेली तर लागेल म्हणून ठेवलेली. बाजूला टोक काढलेली पेन्सिल होती. मी तिच्या खुर्चीत बसलो.

“पहिल्यापासून?” मी विचारलं.

“पहिल्यापासून. आणि पर्याय गाळू नका. त्या गाळायच्या नाहीत.”

मी वाचायला लागलो. चौथ्या प्रश्नाशी आलो आणि पाचही पर्याय वाचले. तो म्हणाला, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचले.